गवताचे कोडे

दिवेलागण होऊन जेवणे उरकली म्हणजे घरातील मुले वडीलधाऱ्यांभोवती गोळा होतात आणि कोणी तरी कोडे घालावे असा हट्ट धरतात. ही करमणूक आपल्याकडे फार जुनी आहे. तिला खर्च नाही, साहित्य लागत नाही, आणि हरणाऱ्यासही तिच्यात जिंकणाऱ्याइतकाच आनंद मिळतो. अशा वेळी हमखास निघणारे एक कोडे बहुतेक श्रोत्यांच्या परिचयाचे असेल. दोन बाप आणि दोन मुलगे आमराईत गेले. तेथे त्यांस तीनच आंबे मिळाले. ते त्यांनी सारखे वाटून घेतले आणि प्रत्येकाच्या वाट्यास अखंड एक आंबा आला. हे कसे घडले? मुले बोटे मोजू लागतात, चार माणसांत तीन आंब्यांचे भाग पाडू पाहतात आणि शेवटी हताश होतात. मग आजोबा हसून सांगतात, की आमराईत गेले ते आजोबा, त्यांचा मुलगा आणि त्यांचा नातू. बाप दोन झाले, मुलगेही दोन झाले, माणसे मात्र तीनच!

या उत्तरात गणित फारसे नाही. कोडे घालणाराने खोटेही काही सांगितलेले नसते. ‘माणसे चार’ असे तो कोठेच म्हणत नाही. ही अट ऐकणाराच आपल्या मनाने घालतो आणि मग आपणच घातलेल्या त्या अटीशी झुंजत बसतो. कोड्यांचा एक मोठा वर्ग असा आहे, की त्यात बुद्धी तीव्र असून भागत नाही. दिलेल्या अटी कोणत्या आणि मानलेल्या अटी कोणत्या, यांची निवड आधी करावी लागते. ही निवड झाली की उत्तर समोरच उभे असते. ती न झाली तर कितीही हिशेब केला तरी तो व्यर्थ जातो.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध कोडे नदी ओलांडण्याचे आहे. यवतमाळ जिल्ह्यात ते सांगावयाचे झाल्यास स्थळ शोधावयास नको. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते, पूर्व सीमेवरून वर्धा वाहते, आणि वणी तालुक्यात या दोन नद्यांचा संगम होतो. समजा, पैनगंगेच्या काठी एक मनुष्य आला आहे. त्याच्यापाशी एक वाघ, एक शेळी आणि गवताचा एक भारा आहे. नाव लहान असल्यामुळे तो स्वतः आणि या तिघांपैकी एक, एवढेच तिच्यात मावते. तो जवळ नसला तर वाघ शेळीस खाईल आणि शेळी गवत खाईल. तर सर्वांस सुखरूप पलीकडे कसे न्यावे? पहिली खेप सोपी आहे. शेळी पलीकडे न्यावयाची, कारण वाघ गवत खात नाही. पुढे मात्र बुद्धी अडते. वाघ नेला तर तो पलीकडच्या शेळीस खाणार. गवत नेले तर शेळी ते फस्त करणार. पुष्कळांचा विचार येथेच खुंटतो, कारण एकदा पलीकडे नेलेली वस्तू परत आणावयाची नाही, असे त्यांनी नकळत गृहीत धरलेले असते. वास्तविक वाघ पलीकडे सोडून शेळी परत आणावी, तिला अलीकडे ठेवून गवत न्यावे, आणि शेवटी रिकाम्या नावेने येऊन शेळी न्यावी. सात खेपांत काम होते. मागे घेतलेले एक पाऊल हेच या कोड्याचे मर्म आहे.

हे कोडे निदान अकराशे वर्षे जुने आहे. युरोपात शार्लमेन बादशहाच्या दरबारी अल्क्विन नावाचा एक इंग्रज विद्वान होता. तो इ. स. ८०४ मध्ये वारला. तरुणांच्या बुद्धीस धार यावी म्हणून रचलेला प्रश्नांचा एक लॅटिन संग्रह त्याच्या नावावर मोडतो. त्यात हेच कोडे आहे. फक्त तेथे वाघाच्या ठिकाणी लांडगा आणि गवताच्या ठिकाणी कोबी आहे. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली, तीत हंस, भुंगे, मोर व साप यांच्या रूपाने गणिताची मनोहर उदाहरणे आहेत. ती रीत जाणणारास सुटतात. नावेच्या कोड्यास मात्र शिकलेली रीत पुरत नाही. अशा विचारपद्धतीस १९६७ मध्ये एडवर्ड डी बोनो या माल्टा बेटावरील लेखकाने ‘लॅटरल थिंकिंग’ असे नाव दिले. आडव्या अंगाने केलेला विचार, असा त्याचा अर्थ सांगता येईल. नाव अर्वाचीन असले तरी ही पद्धत पुरातन आहे, आणि ती केवळ घरच्या ओसरीवर उपयोगी पडते असेही नाही. इतिहास कधी कधी साऱ्या प्रांतासच असे कोडे घालतो. वऱ्हाडास असे एक कोडे १९३० साली पडले, आणि त्याचे उत्तर यवतमाळ जिल्ह्यात, पुसद येथे, प्रत्यक्ष करून दाखविण्यात आले. योगायोग असा, की त्या उत्तरातही गवताचा भारा होता.

त्या वर्षीची हकीकत सर्वश्रुत आहे. १२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधी अठ्ठ्याहत्तर सहकाऱ्यांसह साबरमतीच्या आश्रमातून निघाले आणि सुमारे २४० मैलांची पदयात्रा करून ५ एप्रिल रोजी दांडी येथे समुद्रकाठी पोहोचले. ६ एप्रिलच्या सकाळी त्यांनी मूठभर मीठ उचलून कायदा मोडला. १८८२ च्या कायद्याने मीठ पिकविण्याचा मक्ता सरकारने आपल्या हाती ठेवला होता, आणि त्या वेळी मिठावर मणामागे सव्वा रुपया कर होता. स्वराज्यासारख्या महान प्रश्नाचा आरंभ मिठासारख्या क्षुद्र वस्तूपासून करावा, हे प्रथम काँग्रेसमधील कित्येक पुढाऱ्यांसही चमत्कारिक वाटले होते. परंतु मीठ प्रत्येक घरात लागते, गरिबास त्याचा कर अधिक जाचतो, आणि ते उचलण्यास विद्या, संपत्ती वा शस्त्र यांपैकी काहीच लागत नाही. या तीन गुणांमुळे मिठाची निवड किती अचूक होती, ते काही आठवड्यांतच साऱ्या जगास कळून आले.

आता वऱ्हाडाची अडचण पाहा. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या चार जिल्ह्यांचा हा मुलूख १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि डोंगरांवर सागाची जंगले, अशी याची संपत्ती. समुद्राशी मात्र याचा काडीमात्र संबंध नाही. यवतमाळपासून दांडीचा किनारा सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे मैल दूर आहे. देशभर लोक मीठ करून तुरुंगात जात असता या मुलखातील लोकांनी काय करावे? समुद्र नाही, मिठागर नाही, मिठाची खाजणेही नाहीत. आणि लढा तर मिठाचा! प्रत्येक तालुक्यात देशभक्त मंडळी होती, सभा भरत होत्या, स्वयंसेवकांची नावे नोंदली जात होती. तुरुंगात जाण्याची सिद्धता होती, पण तुरुंगाची वाट सापडत नव्हती.

यावर निरनिराळी उत्तरे पुढे आली आणि त्यांत काही थोडी चतुर होती असे नाही. अकोला जिल्ह्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणाचा पट्टा आहे. तेथील दहीहंडा या गावी खाऱ्या पाण्याच्या विहिरी असून पूर्वी त्यांपासून मीठ करीत असत. एप्रिल १९३० मध्ये सत्याग्रह्यांनी त्याच पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला. समुद्र नसलेल्या मुलखात समुद्राचे काम विहिरीकडून करून घेण्याची ही कल्पना उत्तमच होती. परंतु खारे पाणी हे त्या पट्ट्यापुरते. पुसद, दारव्हा, केळापूर वा वणी तालुक्यांतील शेतकऱ्यास तिचा काय उपयोग? दुसऱ्या काही ठिकाणी सरकारने जप्त केलेल्या पुस्तकांचे जाहीर वाचन करून कायदेभंग साधण्यात आला. पण पुस्तक वाचण्यास अक्षरओळख लागते, आणि खेड्यातील बहुसंख्य स्त्रीपुरुष त्या काळी तिला पारखे होते. कोणी किनाऱ्यावर जाऊन तेथील सत्याग्रहात सामील होऊ शकत होते. पण चार शिक्षित तरुण परप्रांती गेल्याने गावचा मनुष्य चळवळीत येत नाही.

ही तिन्ही उत्तरे अपुरी का पडली, याचा विचार केला म्हणजे कोड्याचे खरे रूप ध्यानात येते. ‘आम्ही मीठ कोठून आणावे?’ असा प्रश्न जोपर्यंत विचारला जात होता, तोपर्यंत उत्तर समुद्राच्या पलीकडे जात नव्हते. ‘मीठच पाहिजे’ ही अट आमराईतील चौथ्या माणसासारखी होती. ती कोणी घातली नव्हती, पण सर्वांनी मानली होती. ती बाजूस काढली की खऱ्या अटी उरतात त्या अशा. मोडावयाचा कायदा लोकांस मनापासून अन्यायाचा वाटला पाहिजे. तो उघडपणे आणि कोणासही इजा न करता मोडता आला पाहिजे. गरीब, श्रीमंत, स्त्री, पुरुष, साक्षर, निरक्षर अशा कोणासही ते कृत्य करता आले पाहिजे. त्यासाठी लागणारी वस्तू घराजवळ मिळाली पाहिजे. आणि सरकारास त्याकडे दुर्लक्ष करणे शक्य होता कामा नये. थोडक्यात, ‘आमच्या मुलखातील मीठ कोणते?’ असा प्रश्न विचारावयास हवा होता.

यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर डोलत होते. जिल्ह्याचा मोठा भाग डोंगराळ व जंगलाचा. गोंड, कोलाम, आंध या आदिवासी जमाती, बंजारा तांडे आणि कुणबी शेतकरी यांचे जीवन या जंगलाशी पिढ्यान्‌पिढ्या जडलेले. बैलांस चारा, चुलीस सर्पण, छपरास गवत आणि औतास लाकूड, हे सारे रानातून यावयाचे. इंग्रजी अमलात १८७८ व १९२७ चे वनकायदे आणि त्याच धर्तीचे वऱ्हाडातील नियम यांनी जंगलांची वर्गवारी झाली आणि उत्तम जंगल ‘राखीव’ ठरले. राखीव जंगलात परवान्यावाचून गुरे चारणे, गवत कापणे, लाकूड तोडणे हा गुन्हा झाला. जंगल राखण्याची आवश्यकता कोणी शहाणा मनुष्य नाकारणार नाही. सागाची बेबंद तोड पूर्वी झालीच होती. परंतु ज्या रानातून आजा गवताचा भारा निर्वेध आणीत असे, तेथेच नातवास त्याबद्दल पैसे भरावे लागावेत किंवा नाकेदाराची मनधरणी करावी लागावी, हे खेड्यातील मनुष्यास कधीच पटले नाही. चुकून कुंपणाआड शिरलेले गुरू कोंडवाड्यात गेले की त्यास सोडविण्यासाठी दंड भरावा लागे. मिठाचा कर त्यास दिसत नसे, कारण तो किमतीत लपलेला होता. गवताचा जाच मात्र रोजचा आणि डोळ्यांनी दिसणारा होता.

हे उत्तर एकाच डोक्यातून एकाएकी निघाले असे मात्र म्हणता येणार नाही. १९२१ च्या असहकाराच्या काळात आंध्रातील पलनाड भागात आणि हिमालयातील कुमाऊँ येथे जंगल कायद्यांविरुद्ध लोक उठले होते. मे १९३० मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीने आपल्या कार्यक्रमाचा विस्तार करताना जंगल कायद्यांचा भंगही मान्य केला. परंतु ठराव करणे निराळे आणि तो एका विशिष्ट गावी, विशिष्ट दिवशी, विशिष्ट कृतीत उतरविणे निराळे. ते काम वऱ्हाडात लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांनी अंगावर घेतले.

बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. ते यवतमाळला वकिली करीत. लोकमान्य टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी. आणि विधिमंडळात जाऊन तेथे सरकारशी झुंजावे, या प्रतियोगी सहकारितेच्या मताचे ते पुरस्कर्ते होते. मध्यवर्ती विधिमंडळाचे ते सभासद होते. म्हणजे गांधीजींची प्रत्येक गोष्ट प्रमाण मानणारांपैकी ते नव्हते. कायदा वाचणारे, कायदा शिकलेले आणि कायदे होताना पाहिलेले असे ते गृहस्थ होते. अशा मनुष्याने हातात विळा घेऊन राखीव जंगलात जावे, यात लोकांस जे विशेष वाटले ते स्वाभाविकच होते. ज्यास कायद्याची किंमत ठाऊक आहे, तो कायदा मोडतो तेव्हा त्या कृत्यास वजन येते.

आता खऱ्या अटींवर हे उत्तर घासून पाहावे. गवत तोडण्यास विळ्यापलीकडे साधन लागत नाही, आणि विळा कोणत्या घरात नसतो? पुरुषांइतकेच, किंबहुना अधिक, हे काम स्त्रियांच्या नित्य परिचयाचे. गवत कापल्याने कोणास इजा होत नाही, आणि जंगलाची हानीही होत नाही, कारण झाड तोडले तर ते वाढण्यास वर्षे लागतात, गवत मात्र पुढल्या पावसात पुन्हा उगवते. म्हणून लाकडाऐवजी गवत पुढे करण्यात विवेक होता. आणि सरकारची अडचण तर मिठाच्या वेळी होती तीच. दुर्लक्ष करावे तर राखीव जंगलाचे कुंपण नाहीसे झाले असे सर्वांस दिसणार. अटक करावी तर विद्वान, वयस्क, प्रतिष्ठित माणसास मूठभर गवतासाठी कैदेत टाकल्याचे जगास दिसणार.

यात आणखी एक गोष्ट अनुकूल ठरली, ती म्हणजे ऋतू. मीठ उन्हाने पिकते आणि पावसाने विरघळते. जूनमध्ये पावसाळा सुरू झाला की किनाऱ्यावरही मिठाचा सत्याग्रह थंडावणार हे उघड होते. पण जो पाऊस मीठ नाहीसे करतो, तोच रानात गवत उगवतो. चैत्र-वैशाखात कोरडे पडलेले वऱ्हाडचे डोंगर आषाढात हिरवे होतात. जेथे समुद्रकाठचा लढा ऋतूमुळे थांबावयाचा, नेमका तेथेच जंगलातील लढा ऋतूमुळे सुरू व्हावयाचा. समुद्र नसणे हे आतापर्यंत वऱ्हाडाचे उणे वाटत होते. आषाढ लागताच ते उणे राहिले नाही.

१० जुलै १९३० रोजी बापूजी अणे यांनी आपल्या अनुयायांसह पुसदजवळील राखीव जंगलात गवत कापले आणि कायदा मोडला. त्यांस अटक होऊन शिक्षा झाली. वऱ्हाडातील जंगल सत्याग्रहाचा हा प्रारंभ होय. पुढे तुकड्यांमागून तुकड्या जंगलात जाऊ लागल्या. त्याच महिन्याच्या २१ तारखेस राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी आपल्या सहकाऱ्यांसह यवतमाळजवळच्या जंगलात सत्याग्रह केला. त्यांस नऊ महिन्यांची शिक्षा झाली व ती त्यांनी अकोल्याच्या तुरुंगात भोगली. निरनिराळ्या मतांची माणसे एकाच गवतापाशी येऊन मिळाली, हेही उत्तराच्या अचूकपणाचेच लक्षण म्हटले पाहिजे. ज्या प्रश्नात प्रत्येकाचे गुरू, प्रत्येकाची चूल गुंतलेली असते, तेथे मतभेदांस फारसा वाव राहत नाही.

ही कल्पना मग वऱ्हाडापुरती राहिली नाही. मध्यप्रांतात बैतूल जिल्ह्यातील घोडाडोंगरीच्या परिसरात आदिवासी मोठ्या संख्येने उठले. महाराष्ट्रात आज सांगली जिल्ह्यात असलेले बिळाशी आणि आज रायगड जिल्ह्यात असलेले चिरनेर ही गावे १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळेच इतिहासात गेली. यांपैकी चिरनेर तर समुद्रापासून फार दूर नाही. म्हणजे समुद्र नसलेल्या मुलखाकरिता निघालेले उत्तर समुद्राजवळच्या लोकांसही आपलेसे वाटले.

येथपर्यंत ही कथा एखाद्या उत्तम कोड्याप्रमाणे सरळ गेली. परंतु घरातील कोडे आणि इतिहासातील कोडे यांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि तो सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. घरच्या कोड्यात वाघ कागदावरचा असतो. त्याचे दात कोणास लागत नाहीत. इतिहासातील नावेत बसलेली माणसे खरी असतात. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे आणि ९ ऑक्टोबर १९३० रोजी शिवनी जिल्ह्यातील टुरिया येथे गोळीबार झाला व त्यात माणसे प्राणास मुकली. टुरिया येथे मृतांत स्त्रियाही होत्या. पुढाऱ्यांनी घालून दिलेली शिस्तही सर्वत्र टिकली नाही. काही ठिकाणी गवतावरून हात झाडांवर गेला, आणि ज्या जंगलावर हक्क सांगावयाचा त्याचीच हानी झाली. उत्तर सोपे व सर्वांच्या हाती येणारे असावे, ही त्याची शक्ती. पण जे सर्वांच्या हाती जाते ते एकाच्या आवाक्यात राहत नाही, ही त्याची मर्यादा.

दुसरा भेद याहून खोल आहे. ५ मार्च १९३१ रोजी गांधीजी आणि व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्यात करार झाला. अहिंसक सत्याग्रही कैदी सुटले. जेथे मीठ गोळा करता किंवा बनविता येते अशा जागांलगतच्या गावकऱ्यांस घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विक्रीसाठी मीठ घेण्याची सवलत मिळाली. म्हणजे समुद्रकाठच्या मनुष्यास, थोडे का होईना, मीठ मिळाले. पण जंगलाकाठच्या मनुष्यास गवत मिळाले काय? त्या करारात गवताबद्दल अशी सवलत नव्हती. पुसदच्या शेतकऱ्याने मिठाच्या जागी गवत ठेवून देशाच्या लढ्यात आपला वाटा उचलला. फळ वाटताना मात्र मीठ ते मीठ आणि गवत ते गवत राहिले. ‘लढ्यात सामील कसे व्हावे?’ या कोड्याचे उत्तर त्याने अचूक दिले होते. ‘माझ्या बैलांनी चरावे कोठे?’ हे त्याचे स्वतःचे कोडे तसेच उरले.

मिठावरील कर १९४७ मध्ये रद्द झाला. जंगलाचा प्रश्न स्वराज्यातही पुष्कळ काळ चालत राहिला, कारण १९२७ चा वनकायदा स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचे वनांवरील हक्क मान्य करणारा कायदा २००६ मध्ये झाला; त्यात चराईचा हक्कही स्पष्टपणे नमूद आहे. पुसदच्या सत्याग्रहापासून या कायद्यापर्यंत शहात्तर वर्षे लोटली. मधल्या काळात जंगलांचे क्षेत्र आकसले, गुरे वाढली, आणि टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्येही जिल्ह्यात झाली. आज तेथे वाघ, गुरे आणि गवत हे तिघेही खरेच एका काठावर उभे आहेत, आणि त्यांस सांभाळून न्यावयाचे कोडे मुळीच काल्पनिक राहिलेले नाही.

बापूजी अणे यांचे पुढील जीवन दीर्घ व विविध झाले. १९३३ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या हंगामी अध्यक्षपदाची धुरा वाहिली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे ते सभासद होते. १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रसंगी त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. टिळकांचे ‘श्रीतिलकयशोर्णव’ हे संस्कृत चरित्रकाव्य त्यांनी रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी ते निवर्तले. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत जंगलातील तो एक दिवस लहानसाच दिसतो. तरी यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात त्या दिवसाचे स्थान निराळे आहे, कारण त्या दिवशी जिल्ह्याने दुसऱ्याच्या मिठाकडे पाहणे सोडून आपल्या पायाखालच्या गवताकडे पाहिले.

मुलांस कोडी घालताना एवढे ध्यानात ठेवावे, की लवकर उत्तर देणारे मूल हुशार खरे. परंतु ‘ही अट तुम्ही सांगितली की मीच मानली?’ असे उलट विचारणारे मूल अधिक दूर जाईल. आणि उत्तर सापडल्यावर त्यास आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. वाघ पलीकडे पोहोचला, शेळी पोहोचली, गवतही पोहोचले. आता पलीकडच्या काठावर त्या शेळीने खावयाचे काय? तो भारा तर राखून ठेवावयाचा आहे! वऱ्हाडातील शेतकऱ्याने १९३० साली नदी ओलांडली. त्यापुढचा हा प्रश्न सोडविण्यास मात्र त्याच्या तीन पिढ्या लागल्या, आणि त्याची उकल अद्याप चालूच आहे.